आईंना शॉक द्यावेत का? तीव्र नैराश्यात ईसीटीचा निर्णय कसा तोलायचा

प्रश्न थोडक्यात असा: आई ६३ वर्षांच्या. चार महिने नैराश्य. नैराश्याची दोन औषधं झाली: एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅम सात आठवडे, मग व्हेनलाफॅक्सिन २२५ मिलिग्रॅम सहा आठवडे, सोबत भ्रमावरचं ओलान्झापिन, फरक नाही. जेवण जवळपास सुटलंय, वजन ५३ वरून ४४ किलोवर आलंय. ‘माझ्यामुळे घर बुडालं, मला पोलीस न्यायला येणार’ असं पुटपुटतात. पाच आठवड्यांपूर्वी फवारणीचं औषध प्यायल्या होत्या, वेळेत नेल्यामुळे वाचल्या. रक्तदाब आणि साखर आहे, रात्री क्लोनाझेपाम चालू आहे. डॉक्टर आठ ईसीटी सुचवतात, म्हणजे भूल देऊन विजेने मेंदूत मुद्दाम फिट आणण्याचा उपचार, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात. मामा म्हणतात, शॉक दिले की माणूस कायमचा खुळा होतो. काय करावं?

आधी उत्तर, कारणं मागून. चित्र तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे, आणि तो लवकर अमलात यावा. भ्रम (‘पोलीस न्यायला येणार’सारखी खोटी पण पक्की समजूत), अन्नपाणी सुटणं, नुकताच झालेला आत्महत्येचा प्रयत्न आणि दोन औषधं पुऱ्या डोसात, पुऱ्या मुदतीत देऊनही गुण न येणं, यातली कुठलीही एक गोष्ट ईसीटीचा विचार करायला पुरते. इथे चारही एकत्र आहेत. ‘आधी सगळी औषधं करून पाहू, शॉक अगदी शेवटी’ हा हिशेब सौम्य आजारात ठीक. या अवस्थेत तिसरं औषध लावून आणखी सहा आठवडे वाट पाहणं हाच जास्त धोक्याचा पर्याय आहे.

निर्णय होईपर्यंत आजपासून दोन गोष्टी करा. घरातली, गोठ्यातली, शेतावरची सगळी फवारणीची औषधं कुलपात टाका किंवा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा, आणि आईंजवळ चोवीस तास कुणीतरी जागं राहू द्या. गोळ्यांची पाकिटंही त्यांच्या हाताशी नकोत. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पण त्यांनी पाणीही सोडलं असेल तर फोन करत बसू नका, थेट दाखल करा.

गुण येण्याची शक्यता किती

सगळ्या नैराश्यांना ईसीटी सारखी लागू पडत नाही, म्हणून ‘किती टक्के यश’ या प्रश्नाला एकच आकडा देणारा माणूस तुमची फसवणूक करतो. अमेरिकेत २५३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली आले. त्यात पूर्ण कोर्स झालेल्यांपैकी भ्रम असलेल्या नैराश्यात ९५ टक्के, तर भ्रम नसलेल्यांत ८३ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. रोजच्या व्यवहारात आकडे याहून खाली राहतात, कारण कोर्स अर्धवट सोडणारे अशा मोजणीत येत नाहीत आणि बरीच औषधं हरलेल्यांत गुण कमी येतो. तरी दिशा पक्की आहे. भ्रम असणं, हालचाल आणि बोलणं मंदावणं, वय जास्त असणं या तिन्ही गोष्टी ईसीटीच्या बाजूने झुकतात. ६० वर्षांवरच्या रुग्णांवरच्या २०१६ च्या एका अभ्यासात तर स्मृतीला सर्वांत सौम्य समजल्या जाणाऱ्या पद्धतीने, व्हेनलाफॅक्सिनच्या जोडीला ईसीटी दिली होती, त्यात ६१.७ टक्के लक्षणमुक्त झाले.

तुलनेसाठी तिसऱ्या औषधाचं पाहा. ‘स्टार-डी’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दोन औषधं हरल्यावर तिसऱ्या टप्प्यावर लक्षणमुक्त होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. भूल द्यायची पण वीज द्यायचीच नाही, अशा लुटुपुटीच्या ईसीटीशी तुलना करणारे प्रयोग जुने आणि छोटे आहेत. २००३ साली ब्रिटनमधल्या एका गटाने ते एकत्र मांडले तेव्हा सहा प्रयोगांत मिळून २५६ रुग्ण होते. खऱ्या ईसीटीचा फायदा त्यांत ठळक दिसतो, पण तो कोर्सच्या शेवटी मोजलेला. तो टिकतो का, हा वेगळा प्रश्न, आणि माझ्या मते हाच खरा अवघड प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

केटामिन, म्हणजे मूळचं भुलीचं पण आता नैराश्यातही वापरलं जाणारं औषध, तेही कुणी सुचवेल. २०२३ मध्ये ईसीटीशी थेट तुलना करणाऱ्या एका अमेरिकी प्रयोगात केटामिनने ५५ टक्क्यांना तर ईसीटीने ४१ टक्क्यांना गुण आला. हे वाचून निष्कर्ष काढण्याआधी त्या प्रयोगात कोण होतं ते पाहा: भ्रम असलेले रुग्ण मुळात वगळले होते. त्याआधीच्या वर्षी आलेल्या स्वीडनमधल्या प्रयोगात सगळे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते. तिथे ईसीटीने ६३ टक्के आणि केटामिनने ४६ टक्के लक्षणमुक्त झाले. आईंचं चित्र दुसऱ्या प्रयोगाशी जुळतं. चुंबकीय उत्तेजन, म्हणजे आरटीएमएस, चांगला उपचार आहे, पण भ्रम असलेल्या आणि जेवण सोडलेल्या माणसासाठी नाही.

मामांच्या डोळ्यांसमोरचं चित्र

ते खोटं नाही, जुनं आहे. १९३४ मध्ये बुडापेस्टला मेडुना यांनी कापराचं इंजेक्शन देऊन रुग्णांना मुद्दाम फिट आणली. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तेच काम विजेने केलं. त्या काळी भूल नव्हती. शरीर इतकं आवळलं जायचं की मणके मोडायचे. आपल्याकडे भूल न देता ईसीटी देण्याची पद्धत फार उशिरापर्यंत रेंगाळली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने ती बंद केली: भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. आजही कुणी ‘नुसतीच देतो, स्वस्तात होईल’ म्हणालं तर तिथून उठून या.

एक गैरसमज मात्र डॉक्टरही नीट फोडून सांगत नाहीत. इथे औषध वीज नाही, औषध फिट आहे. वीज फक्त काडी ओढते. ०.८ अँपिअरचे, प्रत्येकी एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लांबीचे ठोके काही सेकंद दिले जातात. उदाहरणार्थ ०.५ मिलिसेकंदाचा ठोका, सेकंदाला असे ८० ठोके, दोन सेकंद: एकूण विद्युतभार, म्हणजे दिलेल्या विजेचं माप, ६४ मिलिकुलोम होतो. एवढ्याने मेंदू जळत नाही. पण मेंदूत जी आकडी उठते ती नियंत्रित असली तरी खरी असते, आणि फायदा नि त्रास दोन्ही तिच्यातून, आणि वीज किती नि कुठून दिली त्यातून येतात.

म्हणून रुग्णालय निवडताना इमारत पाहू नका, तीन प्रश्न विचारा. मशीन ब्रीफ-पल्सचं, म्हणजे असे छोटे ठोके देणारं आहे का? (जुनी साइन-वेव्ह मशीनं अखंड लाट द्यायची आणि स्मृतीवर जास्त घाला घालायची.) फिट चालू असताना ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या लहरींची, पट्टी निघते का? आणि भूलतज्ज्ञ संपूर्ण वेळ हजर असतात का? तिन्हींना ‘हो’ मिळालं तर ठिकाण सरकारी आहे की खासगी, हा पुढचा प्रश्न.

स्मृतीचं खरंखुरं

इथे नातेवाइकांना एकतर घाबरवलं जातं, नाहीतर ‘काही होत नाही हो’ म्हणून बोळवलं जातं. दोन्ही चूक.

तीन वेगळ्या गोष्टी समजून घ्या. पहिली, शुद्धीवर येतानाचा गोंधळ: कुठे आहे, वार कोणता हे १० ते ४५ मिनिटं कळत नाही. तो जातोच. दुसरी, कोर्सच्या दिवसांत नवीन गोष्टी लक्षात न राहणं: सकाळी कोण भेटायला आलं ते संध्याकाळी आठवत नाही. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात चाचण्यांवरचे असे तोटे मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत दिसले, आणि पंधरवड्यानंतर बऱ्याच बाबतीत रुग्ण उपचारापूर्वीपेक्षा चांगले गुण मिळवत होते. कारण तीव्र नैराश्य स्वतःच स्मृती खातं. तिसरी गोष्ट या चाचण्यांत नीट पकडली जात नाही: मागच्या काळातल्या स्वतःच्या आठवणींना पडणारी भोकं. उपचारांचे आठवडे आणि त्याआधीचे काही महिने यांतल्या काही आठवणी परत येत नाहीत, क्वचित त्याहून जुन्याही. रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेल्या २००३ च्या एका ब्रिटिश आढाव्यात निदान एक-तृतीयांश जणांनी टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार नोंदवली होती. ती तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका.

माणूस ‘खुळा’ होतो का? नाही. हिशेब, स्वयंपाक, माणसं ओळखणं, बोलणं हे शाबूत राहतं. पण नातवाच्या बारशाची एखादी आठवण गेली तर ते नुकसान खरं आहे, आणि सहीच्या आधी आईंना किंवा तुम्हाला ते सांगितलं गेलं पाहिजे.

हा त्रास कमी-जास्त करणं बरंचसं हातात असतं. इलेक्ट्रोड दोन्ही कानशिलांवर लावले तर परिणाम लवकर आणि खात्रीचा, विस्मरण जास्त. फक्त उजव्या बाजूला (एक कानशिलावर, दुसरा टाळूच्या जरा उजवीकडे) लावले तर विस्मरण कमी. पण तिथे डोस आकडी उठवणाऱ्या किमान भाराच्या पाच-सहापट लागतो. दोन्ही बाजूंना दीड ते अडीचपट पुरतो. उजव्या बाजूने द्यायचं आणि डोस मात्र दीडपटच ठेवायचा, ही एक नेहमीची चूक: फिट येते, गुण येत नाही, आणि मग ‘ईसीटी लागू पडली नाही’ असा शेरा बसतो. आठवड्याला तीनऐवजी दोन दिल्या तर गोंधळ कमी होतो, मात्र सुधारणा काही दिवस लांबते.

तुमच्या आईंच्या बाबतीत सुरुवात दोन्ही बाजूंनी करणं मला समर्थनीय वाटतं, कारण वेळ कमी आहे. जेवण सुरू झालं, भ्रम विरला की आठवड्याला दोनवर यावं किंवा उजव्या बाजूला वळावं. जेवत-खात असलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसासाठी मी उलट क्रम सुचवला असता.

घरच्यांनी करायचं एक साधं काम: पहिल्या ईसीटीच्या आधी एका वहीत लॉकरची किल्ली कुठे, कुणाकडून किती येणं, फोनचा पासवर्ड, गॅसचा नंबर, भिशीचा हप्ता हे सगळं टिपून ठेवा. आणि कोर्स संपल्यावर निदान दोन आठवडे जमिनीच्या, बँकेच्या कुठल्याही कागदावर आईंची सही घेऊ नका.

आईंच्या बाबतीत खास काय तपासायचं

सर्वांत आधी ते फवारणीचं औषध. बाटलीवरचं नाव शोधा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस ही सगळी ऑर्गनोफॉस्फरस गटातली आहेत. ती रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात आणि ते भरून यायला आठवडे लागतात. ईसीटीत स्नायू शिथिल करायला बहुतेक ठिकाणी सक्सिनिलकोलीन देतात, आणि नेमकं हेच विकर त्याला मोडून काढतं. विकर कमी असेल तर पाच मिनिटांत उतरणारं औषध तासन्‌तास उतरत नाही: भूल संपते, माणूस जागा होतो, पण हात हलत नाही, श्वास घेता येत नाही. त्यामुळे पाच आठवडे झाले असले तरी सीरम कोलिनेस्टरेजची तपासणी केल्याशिवाय पहिली ईसीटी नको. पातळी कमी निघाली तर दोन वाटा: थोडं थांबणं, किंवा रोक्युरोनियम अथवा ॲट्राक्युरियमसारखं दुसरं औषध वापरणं. रोक्युरोनियम सुगामाडेक्सने उतरवता येतं, फक्त ते महाग पडतं. आजाराची निकड पाहता मी दुसरी वाट धरा म्हणेन. घरात पूर्वी कुणाला ऑपरेशननंतर ‘श्वास उशिरा आला’ असं झालं असेल तर तेही सांगा. हे विकर जन्मतः कमी असणारी कुटुंबं असतात, आणि आर्य वैश्य समाजात ते तुलनेने जास्त आढळल्याच्या नोंदी आहेत. प्यायलेलं तणनाशक असेल, विशेषतः पॅराक्वाट, तर प्रश्न वेगळा: मग फुप्फुसं आणि किडनी आधी तपासावी लागतात.

दुसरं, क्लोनाझेपाम. हे फिट दाबणारं औषध आहे. ते चालू ठेवून ईसीटी देणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी ढकलणं. एकदम बंद करू नका. डॉक्टर काही दिवसांत उतरवतील, किंवा लवकर शरीराबाहेर पडणाऱ्या लोराझेपामवर आणतील. तेही जमत नसेल तर भुलीच्या वेळी फ्लुमाझेनिलने त्याचा असर तात्पुरता हटवता येतो. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून दिली असेल तर लपवू नका. फिट न येण्यामागे फार वेळा अशीच एखादी गोळी निघते. ओलान्झापिन आणि व्हेनलाफॅक्सिन बहुधा चालू राहतील.

तिसरं, पोटॅशियम आणि पाणी. नऊ किलो वजन उतरलेल्या, न जेवणाऱ्या माणसाचे क्षार बिघडलेले असतात. आधी सलाइनने ते जागेवर आणायचे. त्या कित्येक आठवडे ताठ पडून असतील तर सक्सिनिलकोलीनने पोटॅशियम अचानक चढू शकतं, तेही भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला.

साखरेच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. उपाशी माणसात या गोळ्यांनी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं. भुलीच्या निदान तीन दिवस आधी त्या थांबवतात, आणि एक दिवसाआड ईसीटी असते तेव्हा याचा अर्थ कोर्सभर बंद. रक्तदाबाची गोळी मात्र चुकवू नका. सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची.

ईसीजी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन, साखर, छातीची तपासणी हे होईलच. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. हलणारे दात दाखवून ठेवा.

जीवाला धोका किती? २०१७ मध्ये ३२ देशांतल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा दर एक लाख ईसीटीमागे सुमारे दोन मृत्यू आढळले. आठ ईसीटींचा कोर्स धरला तर साधारण सहा हजारांत एक, आणि तोही मुख्यतः हृदयविकार असलेल्यांत. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला असणं, मेंदूतला दाब वाढलेला असणं, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असणं अशा वेळी धोका बराच वाढतो. आईंच्या बाबतीत यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

ती सकाळ

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि तेल अजिबात लावू नका. हे फालतू वाटतं, पण खोबरेल लावलेल्या केसांवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, रोध वाढतो आणि मशीन वीज सोडायला नकार देतं; कधी कातडी भाजते. नखांचा रंग काढा, नाहीतर बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र चुकतं. कवळी, चमकी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच.

जेवण सहा ते आठ तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घोटाळा होतो तो चहाचा: दुधाचा चहा हे ‘पाणी’ नव्हे, त्याला सहा तास लागतात. ‘डोकं दुखत होतं म्हणून अर्धा कप दिला’ असं कुणी टेबलाजवळ सांगितलं की ती ईसीटी रद्द होते, व्हायलाच हवी. सकाळची मिश्री-तंबाखूही नको.

आत जे होतं ते पाच-सात मिनिटांचं. शीर लावतात, ऑक्सिजन देतात, मग भुलीचं थायोपेंटोन (वजनाच्या दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम) किंवा प्रोपोफोल (सुमारे १ मिलिग्रॅम). झोप लागल्यावर एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून ठेवतात, म्हणजे शिथिल करणारं औषध तिथे पोहोचत नाही आणि फिट त्या पायात दिसते. मग सक्सिनिलकोलीन, किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम. दातांमध्ये रबरी गार्ड, कारण जबड्याचे स्नायू वीज थेट लागल्याने आवळतात; शिथिल करणारं औषध तिथे कामाला येत नाही. मग वीज. पाऊल थरथरतं, ईईजीवर उंच लाटा उठतात आणि एकदम सपाट होतात. २० ते ६० सेकंद.

पहिल्या खेपेला कमी भारापासून चढत जाऊन किती भाराला फिट येते ते शोधतात. काही ठिकाणी वेळ वाचवायला दोन्ही बाजूंच्या ईसीटीत वयाच्या निम्मे टक्के असा आडाखा वापरतात: ६३ व्या वर्षी मशीनच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३० टक्के. चालतं, पण कुणाला जास्त पडतं, कुणाला कमी.

काय बिघडू शकतं? फिट येतच नाही: अर्ध्या मिनिटाने भार वाढवून पुन्हा देतात, आणि पुढच्या वेळी भूल जास्त पडली का, कुठली गोळी आड आली का हे शोधतात. फिट दोन मिनिटांवर लांबते: मिडाझोलाम देऊन थांबवतात. रक्तदाब उसळतो: लॅबेटालॉल तयार हवं. उठल्यावर काही जण हातपाय झाडतात, नळ्या ओढतात. अशा वेळी नात्यातला ओळखीचा आवाज कुठल्याही इंजेक्शनइतका उपयोगी, म्हणून जवळ एकाने थांबावं. डोकेदुखी आणि अंगदुखी सर्रास होते, पॅरासिटामॉलने भागतं. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय, गिळता येतंय हे पाहिल्याशिवाय पेज किंवा चहा नको.

सही कुणाची? आईंना समजून निर्णय घेता येत असेल तर त्यांचीच, आणि ती त्या कधीही मागे घेऊ शकतात. भ्रमामुळे तसं घेता येत नसेल तर कायद्याने ठरलेला नामनिर्देशित प्रतिनिधी त्यांच्या वतीने संमती देतो, आणि क्षमता परत आली की पुन्हा त्यांनाच विचारायचं असतं. ‘तातडीचं आहे’ म्हणून संमतीशिवाय ईसीटी देता येत नाही. कलम ९४ ते स्पष्ट नाकारतं. बेशुद्ध करून फसवून दिलं असं त्यांना नंतर वाटू नये, म्हणून भ्रमात असल्या तरी दर वेळी साध्या शब्दांत सांगा: झोपेचं इंजेक्शन आहे, आजार उतरावा म्हणून उपचार आहे.

गुण, आणि तो टिकवणं

सुधारणा आधी तुम्हाला दिसते, रुग्णाला शेवटी. तिसऱ्या-चौथ्या ईसीटीनंतर झोप लागते, स्वतःहून ताट ओढलं जातं, डोळ्याला डोळा भिडतो. पण विचारलं तर त्या ‘काही फरक नाही’ म्हणतील. हाच टप्पा सांभाळायचा असतो: अंगात बळ आलेलं, निराशा अजून पुरती गेलेली नाही. पहारा सैल करू नका. सहा झाल्यावरही तसूभर फरक नसेल तर तसंच पुढे न रेटता डोस, इलेक्ट्रोडची जागा आणि मुळात निदान, तिन्ही परत पाहायला लावा. ‘आठ’ हा आकडा आधी ठरवायचा नसतोच. बहुतेकांना ६ ते १२ लागतात. दोन लागोपाठच्या ईसीटीत नवी सुधारणा थांबली की कोर्स संपला. सहाव्यालाच बऱ्या झाल्या तर ‘पैसे भरलेत’ म्हणून आठ करू नयेत.

आणि मग तो अवघड प्रश्न. २००१ च्या एका प्रयोगात ईसीटीने बरे झालेल्यांना तीन गटांत वाटलं. सहा महिन्यांत नुसत्या खोट्या गोळीवर ८४ टक्के पुन्हा आजारी पडले, नॉरट्रिप्टिलिन या नैराश्याच्या औषधावर ६० टक्के, ते आणि मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम दोन्हींवर ३९ टक्के. म्हणजे ईसीटी खड्ड्यातून बाहेर काढते, काठावर धरून ठेवत नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त रुग्ण निसटतात ते इथेच: बाई हसून घरी जातात, गोळ्या महिनाभरात बंद होतात, आणि दिवाळीच्या आसपास परत तेच. मग दोष ईसीटीवर.

म्हणून शेवटच्या ईसीटीच्या आधीच पुढचं लिहून घ्या. बहुधा एक नैराश्यविरोधी औषध आणि लिथियम. लिथियमच्या आधी किडनी आणि थायरॉइडची तपासणी, मग रक्तातली पातळी. आईंच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल (टेल्मिसार्टन-एचसारखी) तर त्यात लघवी वाढवणारं औषध असतं. ते आणि टेल्मिसार्टन दोन्ही लिथियमची पातळी चढवतात. गुडघेदुखीसाठी घेतलेलं डायक्लोफिनॅकही चढवतं. गोळी बदलून घ्या. कोर्स चालू असताना लिथियम दिलं तर गोंधळ वाढू शकतो, म्हणून ते बहुधा संपताना सुरू करतात. औषधांवर पूर्वी टिकाव लागलेला नसेल तर ईसीटीच विरळ करत नेणं हा दुसरा मार्ग: महिनाभर आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. पहिले सहा महिने दर दोन-तीन आठवड्यांनी दाखवायचंच, बरं वाटत असलं तरी.

मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं २०१७ चा कायदा सांगतो, पण कॅशलेसची मंजुरी दाखल होण्याआधी लेखी घ्या.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर ‘ईसीटी दिल्या’ एवढंच लिहिलेलं घेऊन निघू नका. किती दिल्या, इलेक्ट्रोड कुठे, शेवटचा भार किती मिलिकुलोम, फिट किती सेकंद, भुलीची औषधं कोणती आणि किती, आणि कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट, हे सगळं असलेल्या नोंदपत्रकाची प्रत मागा. पुन्हा कधी गरज पडली तर पहिल्या दिवसापासून नेमका डोस देता येतो. आणि उद्या खुब्याचं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तर तिथल्या भूलतज्ज्ञांना सर्वांत आधी हाच कागद दाखवायचा.